डाव्या भुवईवरचा खड्डा

१

दालनात पहिल्यांदाच दिवे लागले, टाळ्या वाजल्या, आणि त्या पुरत्या थांबायच्या आत देणगीदार ओरडले, "माझ्या आत्याला हे कुणी केलं?"

संस्थापिकाबाईंच्या प्लास्टरच्या अर्धपुतळ्याला डाव्या भुवईच्या वर खड्डा पडला होता. बोटाचं पेर आत जाईल एवढा. शेजारचे बाकीचे पुतळे धडधाकट. जमलेल्या पाहुण्यांनी आधी पुतळ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि मग चहाच्या टेबलाकडे, म्हणे. मी तिथे नव्हते. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

मी विमा कंपनीत दाव्यांची तपासनीस होते. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक, जिन्यावरून पडलेले सासरे, असलं सगळं तपासण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून घरात मी आणि माझा फ्रिज, दोघंच. त्यातही जास्त तोच बोलतो. त्यामुळे फोन वाजला तसा उचलला.

"अंधशाळेतून बोलतेय," पलीकडून एका बाईचा स्वच्छ आवाज आला. "मुख्याध्यापकांना जोडते. पहिल्याच घंटीला उचललात?"

"मग? दहाव्या घंटीला उचलायचा असतो का?"

"तसं नाही. टेलिफोनच्या बोर्डावर बसून कळायला लागतं. पहिल्या घंटीला उचलणारी माणसं घरात एकटी असतात."

मी काही बोलायच्या आत तिने जोडून दिलं. आगाऊ आहे, असं मनात म्हटलं. पण खोटं कुठे होतं?

शाळेच्या स्वयंपाकघराला एकदा आग लागली होती, तेव्हा मी मुख्याध्यापकांना उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडला होता. तो त्यांच्या चांगला लक्षात राहिलेला. पोलिसांना बोलवावं इतकी वस्तू मोलाची नाही आणि सोडून द्यावं इतके देणगीदार साधे नाहीत, अशी त्यांची कोंडी झाली होती. दालनाला कुलूप असतं आणि किल्ली एकाच माणसाकडे, शिपाईकाकांकडे. देणगीदारांनी सांगून टाकलं होतं की शनिवारी विश्वस्तांची बैठक आहे, तोवर दुसरं नाव आलं नाही तर शिपायाला काढा. काढायचं म्हणजे नुसती नोकरी नव्हे, जिन्याखालची खोलीसुद्धा जाणार. त्या खोलीपलीकडे काकांना जगात जागा नव्हती.

"गुन्हेगार सापडलाय, मॅडम," मुख्याध्यापक कसनुसं हसले. "फक्त गुन्हा त्याने केलाय का, तेवढं बघून द्या."

२

शाळेच्या मागच्या अंगाला एक लांब बोळ आहे आणि त्याच्या टोकाला हे दालन. शाळा ज्यांनी उभी केली त्यांचे अर्धपुतळे तिथे चौथऱ्यांवर मांडलेले. मूळ कल्पना मोठी छान होती. मुलांना भिंतीवरच्या फोटोंचा काय उपयोग, त्यांनी हात फिरवून माणसं बघावीत, म्हणून एका शिल्पकाराकडून हे पुतळे करून घेतले. मग थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी हातून खजिनदारांचं नाक तुटलं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी नाक चिकटवून घेतलं आणि दालनाला कुलूप घातलं. हाताने बघायच्या वस्तूंना हात लावायची बंदी! खिडक्या धुळीसाठी बंद. दिवा तर कधी बसवलाच नव्हता, कारण बसवायचा कुणासाठी? इतकी वर्षं पुतळे अंधारात बसून राहिले. आता देणगीदार भाच्याने दिवे दिले तेव्हा कुठे डोळस माणसांनी त्यांना नीट पाहिलं.

मी चष्मा पुसून संस्थापिकाबाईंसमोर उभी राहिले. शेजारच्या खजिनदारांच्या कानात धूळ साचली होती आणि मिशीची एकेक रेघ स्पष्ट होती. बाईंच्या कानात धूळ नव्हती. सगळा चेहराच वापरलेल्या साबणासारखा मऊ झालेला, कडा गेलेल्या. डावा गाल तर चकचकीत. आणि भुवईवरचा तो खड्डा. खिळा, छिन्नी, किल्ली, कशानेही प्लास्टर टोकरलं की ओरखडे राहतात, कडेचे टवके उडतात. इथे एकही ओरखडा नव्हता. खड्ड्याचा तळ गालासारखाच गुळगुळीत होता.

रागावलेला माणूस पुतळ्याचं नाक फोडतो, फार तर तो चौथऱ्यावरून ढकलून देतो आणि पळतो. इतक्या सावकाश, इतक्या निगुतीने कुणी राग काढत नाही. हे काम एका दिवसाचं नव्हतं.

शिपाईकाका बाहेर स्टुलावर बसले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, काटकुळा म्हातारा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ली कुणाला दिली नाही, पुतळा फोडला नाही, एवढं त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. इकडे कोण कोण येतं, असं मी विचारलं.

"पाली येतात. टेलिफोनवाल्या ताई जातात सकाळी अंगठा लावायला. बाकी या बोळात कोण मरायला येतंय?"

हजेरीचा अंगठा लावायची मशीनं हल्ली सगळीकडेच झालीत, तेव्हा त्यात नवल नव्हतं. मी पुढे गेले. तुमच्यावर आलंय ते ठाऊक आहे ना, म्हटलं. आहे, म्हणाले. मग कुणाचं नाव असेल तर सांगून मोकळे व्हा.

"नाव घेणार नाही," काका म्हणाले. "काढायचं तर काढा. बाहेर झोपलं तर निदान उकडत तरी नाही."

नाव माहीत नाही, असं ते म्हणाले नाहीत. घेणार नाही, असं म्हणाले. या दोहोंत फरक असतो, आणि त्या फरकावर मी आयुष्यभर पोट भरलंय.

३

मुख्याध्यापकांना ते दालन संगणकांसाठी हवं होतं, हे मला कचेरीत दोघा-तिघांनी हळूच कानात सांगितलं. म्हणून मी त्यांना सहज विचारलं की खड्डा कुठल्या भुवईवर आहे. त्यांनी आधी उजवीला हात लावला, मग डावीला, मग दोन्ही. दालनाचं उद्‌घाटन करूनही त्यांनी पुतळ्याकडे धड पाहिलं नव्हतं. त्यांच्यावर मी मनातल्या मनात काट मारली.

देणगीदार भाचे भेटायला आले ते खिशात एक जुना फोटो घेऊन. शाळेच्या पायरीवर मुलं, शिक्षक आणि एका टोकाला छत्रीखाली संस्थापिकाबाई. तोंडाच्या जागी नुसती छत्रीची सावली. त्यांचा हा एवढाच फोटो, बाईंना फोटो काढून घेणं आवडत नसे.

"पण पुतळा पाहिला आणि अंगावर काटा आला," भाचे म्हणाले. "हुबेहूब आत्या."

शेवटचं कधी पाहिलं होतं, असं विचारल्यावर जरा अडखळले. तेव्हा ते अगदी लहान होते. आत्या कुणाला खोलीत घेत नसे, दारातूनच बोलायचं आणि निघायचं. मोठे होऊन परत आले तोवर ती गेली होती. मागे कुणी राहिलं नव्हतं, ना तिच्या बाजूचं, ना यांच्या. मोठ्या गाडीतून उतरलेल्या या माणसावर चिडायचं असं मी घरूनच ठरवून आले होते. पण तो छत्रीच्या सावलीवरून बोट फिरवत बसला तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

जाता जाता टेलिफोनच्या खोलीत डोकावले. खोली कसली, कपाटच. आगाऊ आवाजाची मालकीण उठून उभी राहिली आणि आपलं स्टूल मला देऊन स्वतः भिंतीला टेकली. तिला जन्मापासून दिसत नाही. दुपट्यात गुंडाळून कुणीतरी तिला या शाळेच्या दारात ठेवून गेलं, ते गेलंच. इथेच वाढली, इथेच शिकली, इथेच बोर्डावर बसली, वरच्या मजल्यावर राहते.

"सुटीत मुलं घरी जातात," ती म्हणाली. "मग शाळेत मी, काका आणि बोर्ड. बोर्ड वाजत नाही."

मला माझा फ्रिज आठवला.

"बाई, काकांची किल्ली सापडली का हो? किल्ली हरवली म्हणून एवढं बोलतात का म्हाताऱ्या माणसाला?"

बोर्डावर बसून सगळं कळतं म्हणता आणि एवढं नाही कळलं, असं मी तिला टोचून विचारलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली की ती फोन जोडते, ऐकत नाही.

मी बाहेर आले. काकांची किल्ली कमरेच्या जुडग्यात लटकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मग ती हरवली, असं या बाईला कुणी सांगितलं? आणि कशासाठी?

४

शिल्पकार शहराच्या कडेला एका पत्र्याच्या कार्यशाळेत राहतो. दार उघडंच होतं. फडक्याखाली झाकलेली माती सुकून भेगाळलेली, फळीवर हत्यारं, आणि मोरीच्या कट्ट्यावर एक कप. एकच. असा कट्टा मला चांगला ओळखू येतो.

म्हाताऱ्याकडे बरेच दिवसांत कुणी आलं नसावं, कारण मी बसायच्या आतच तो बोलायला लागला. पुतळा कसा करतात ते त्याने मला पहिल्यापासून सांगितलं. आधी मातीत चेहरा करायचा. मातीवर प्लास्टर चढवून साचा घ्यायचा. साच्यातली माती खरवडून टाकायची, मग आत पुन्हा प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की हातोडी-छिन्नीने साचा टवका टवका फोडून काढायचा.

"साचा मेला की पुतळा जन्मतो," तो म्हणाला. "एक साचा, एक पुतळा. माझ्याकडे दुसरा मागायला आला असाल तर नाहीये."

मी म्हटलं, मागायला नाही आले. शाळेतला एक पुतळा खराब झालाय, संस्थापिकाबाईंचा.

"नाक ना? नाकंच जातात."

"नाक शाबूत आहे. भुवईवर खड्डा पडलाय."

तो कप विसळत होता. त्याचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"डाव्या?" त्याने विचारलं.

मी कुठल्या बाजूची भुवई ते सांगितलंच नव्हतं.

५

त्यानंतर म्हाताऱ्याने तोंडाला कुलूप घातलं. शाळेत मागे मी कचेरीतल्या गप्पांतून एवढं काढलं होतं की हाच शिल्पकार पूर्वी एक-दोनदा येऊन संस्थापिकाबाईंचा पुतळा दुरुस्तीला मागत होता, आणि पुतळ्याला काहीच झालेलं नसल्यामुळे त्याला हाकलून दिलं होतं. ते मी त्याच्यासमोर ठेवलं. धड पुतळ्याची दुरुस्ती कसली?

एक गोष्ट राहून गेली होती, म्हणाला. कसली? शब्द दिलाय. कुणाला? तेव्हाच्या मुख्याध्यापकांना, आणि ते आता नाहीत.

तेव्हा मी आवाज चढवला. गेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दापायी एक जिवंत म्हातारा शनिवारी रस्त्यावर येणार आहे, हे मी त्याला ऐकवलं. त्याने नळ बंद केला.

"एवढंच सांगतो. मी समोर माणूस बसल्याशिवाय चेहरा करत नाही. आणि मला बोलावलं तेव्हा संस्थापिकाबाई जाऊन वर्षं झाली होती." मग त्याने पाठ फिरवली.

म्हणजे समोर कुणीतरी दुसरंच बसलं होतं! भाच्याच्या अंगावर काटा आला तो भलत्याच बाईला बघून. पण हे कळून मला काय मिळालं? ती बाई कोण, आणि तिच्या भुवईशी कुणाचं काय वैर, हे अंधारातच होतं. घरी येऊन मी तोंड धुतलं आणि टॉवेल हातात तसाच धरून बसून राहिले. उद्या शुक्रवार.

सकाळी लवकरच शाळेत गेले. फाटकावर नवा पहारेकरी होता. पाहुण्यांचीही नोंद करायची असं वरून सांगितलंय म्हणाला आणि भिंतीवरच्या मशीनकडे बोट दाखवलं.

"अंगठा लावा, मॅडम."

मी अंगठा लावला. मशीनने पीं केलं. आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

"मागच्या बोळात दुसरं मशीन आहे ना?" मी विचारलं.

"छे हो. सगळ्या शाळेत हे एकच."

काकांनी मला पहिल्याच दिवशी खरं ते सांगितलं होतं. म्हातारा शब्दाचा पक्का. नाव घेणार नाही म्हणाला, पण खोटंही बोलणार नव्हता. ताई सकाळी अंगठा लावायला जातात. त्यांनी सांगितलं एक आणि मी ऐकलं भलतंच. लोकांना आयुष्यभर 'नीट ऐका, नीट ऐका' म्हणत आले, आणि हे माझं ऐकणं!

मी बोळातून चपला हातात घेऊन गेले. दालनाचं दार किलकिलं होतं आणि आत अंधार. डोळे सरावल्यावर मला ती दिसली. टेलिफोनवाली ताई पुतळ्यासमोर उभी होती. उजवा तळवा पुतळ्याच्या डाव्या गालावर, बोटं कानामागे गेलेली आणि अंगठा भुवईवरच्या खड्ड्यात. खड्डा त्या अंगठ्याच्याच मापाचा होता.

"आज घंटी न देताच आलात, बाई," ती मागे न वळता म्हणाली.

६

मी तिला खड्ड्याबद्दल काहीच विचारलं नाही. ही कोण, एवढंच विचारलं.

"आया," ती म्हणाली.

वसतिगृहातल्या लहान पोरांना सांभाळणारी आया. तिला नाव असेल, पण मुलांना ते कधी कळलं नाही. लहानपणी झोक्याची फळी लागून तिच्या डाव्या भुवईवर हाड खचलं होतं. आंधळी पोरं कुशीत घेताना रडायची, कोण उचलतंय ते कळायचं नाही. मग ती त्यांचा हात धरून आपल्या गालावर ठेवायची, अंगठा भुवईवर न्यायची आणि म्हणायची, अंगठा लाव, मी आहे. पोर गप्प व्हायचं. मुलांमध्ये 'अंगठा लावला' म्हणजे 'ओळख पटली', असंच झालं होतं.

पुतळे आले तेव्हा मुलांना रांगेने दालनात नेलं. या संस्थापिका, म्हणून सांगितलं. हात फिरवताच ही पोर म्हणाली, ही तर आपली आया. बाकीच्या मुलांनी अंगठे लावून बघितले. खड्डा नाही, मग आया कशी, असं म्हणून सगळी हसली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी हिला रांगेबाहेर काढलं. आंधळीला काय कळतंय, असंही म्हणाले. पुढे दालनाला कुलूप लागलं. आणखी काही वर्षांनी आया गेली. तेव्हा हिला परीक्षेसाठी बाहेर पाठवलं होतं. परत आली तर खोली धुऊन काढलेली, खाटसुद्धा हललेली. ज्या माणसाला हिने आई म्हटलं असतं, त्याला हिचा शेवटचा हातही लागला नाही.

बोर्डावर नोकरी लागल्यावर तिने काकांकडे दालन उघडून मागितलं. पुतळ्याचं काम चालू होतं तेव्हा काका नवखे शिपाई होते, त्यांनीच आत चहा नेला होता. चौथऱ्यावर कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काही न विचारता दार उघडलं.

"गाल तोच, कान तोच, हनुवटी तीच," ताई म्हणाली. "पण अंगठ्याला जागा नव्हती. ती समोर आहे आणि ओळख देत नाही, असं वाटायचं हो. मग रोज थोडी जागा करत गेले."

दालनाच्या बाहेर काका उभे होते. किल्ली हरवली आणि मग सापडली, असं मीच हिला सांगितलं होतं, म्हणाले. खड्ड्यापायी मला काढणार आहेत हे कळलं असतं तर ही धावत जाऊन कबूल झाली असती. मला काय, आज ना उद्या जायचंच आहे. हिला इथून काढलं तर ही कुठे जाईल?

ताईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीला हात लावत सरळ कचेरीच्या दिशेने चालायला लागली. काका मागून हाका मारत होते, ती थांबली नाही. मी तिला गाठलं आणि म्हटलं, शनिवारी जाऊ, सगळ्यांसमोर, आणि मी बरोबर असेन.

शनिवारी मी शिल्पकारालाही ओढून आणलं. विश्वस्त, मुख्याध्यापक, भाचे, सगळे दालनात जमले. मी हिशेब मांडला. ओरखडे नाहीत, म्हणजे हत्यार नाही. गाल झिजलाय तो तळव्याने, खड्डा पडलाय तो अंगठ्याने, आणि हात असा ठेवायची सवय या शाळेत एकाच बाईने लावली होती. संस्थापिकाबाईंचा चेहरा दिसेल असा फोटोच नव्हता, म्हणून तिला समोर बसवून तिच्या चेहऱ्याचा पुतळा संस्थापिका म्हणून उभा केला, आणि ज्या खुणेने तिला मुलं ओळखायची नेमकी ती खूण वगळली. वगळली, कारण मोठ्या बाईंच्या कपाळाला खोट कशी चालेल? आणि मुलांना काय कळणार!

शिल्पकार मान खाली घालून हो म्हणाला. शब्द दिला होता, पण झोप लागत नव्हती. ती खूण घालायला मिळावी म्हणूनच पुतळा परत मागत होतो, म्हणाला.

"खड्डा मी पाडला," ताई म्हणाली. "काकांनी फक्त दार उघडलं. काढायचं तर मला काढा."

सगळे भाच्याकडे बघत होते. ते पुतळ्यापुढे उभे होते, तोंडाचा रंग उडालेला.

"मग आत्या कशी दिसायची?" त्यांनी विचारलं. ते विश्वस्तांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. उत्तर ताईने दिलं.

"बाईसाहेब हात लावू देत नसत, असं आया सांगायची. त्यांनी शाळा दिली, जेवण दिलं, सगळं दिलं. चेहरा नाही दिला कुणाला."

भाच्यांनी खिशातल्या फोटोला हात लावला. तिथल्या एका डोळस माणसालाही त्या बाईचा चेहरा ठाऊक नव्हता. इतका मोठा एकटेपणा मी दुसरा पाहिलेला नाही. शेवटी ते म्हणाले की आत्याच्या नावाचा चौथरा राहू दे, पण त्यावर काही ठेवू नका. या बाईंचा पुतळा दाराशी ठेवा, मुलांच्या हाताला येईल असा. आणि दार उघडं ठेवा. मग ते शिल्पकाराकडे वळले आणि तो नीट करून द्या म्हणाले, खड्ड्यासकट.

"काय नीट करू?" शिल्पकार म्हणाला. "चेहरा झिजून गेलाय. साचा तेव्हाच फोडला. ती बाई गेली. मला आता आठवत नाही, साहेब. कुठून आणू?"

"माझ्या हातात आहे," ताई म्हणाली.

सोमवारी मी तिला त्या पत्र्याच्या कार्यशाळेत घेऊन गेले. काकांनी बोर्ड सांभाळायला घेतला आणि म्हणे दिवसभर सगळ्यांचे फोन भलतीकडे जोडले. म्हाताऱ्याने ओली माती मळून ठेवली होती, आणि कट्ट्यावर कुठूनतरी आणखी दोन कप आणून ठेवले होते. ताईने आयुष्यात कधी मातीला हात लावलेला नव्हता. सुरुवातीला नुसता गोळा होत होता, नाक खाली घसरत होतं, आणि म्हातारा मदतीला पुढे होऊन पुन्हा पुन्हा हात मागे घेत होता. मग तिने घडवायचं सोडून दिलं आणि आपण दाराशी रोज ओळखीच्या माणसाला भेटतो तसा हात मातीवर ठेवला. हात जिथे थांबायचा तिथे ती माती थांबवत गेली. कारागिरी म्हणून ते काही फार बरं नव्हतं, एक कान मोठाच झाला होता. पण म्हातारा एकदम स्टुलावर बसला आणि म्हणाला, हीच ती, हीच माझ्यासमोर बसली होती.

सगळ्यात शेवटी ताईने उजवा अंगठा डाव्या भुवईवर ठेवला आणि दाबला. एकदाच. या वेळी काही वर्षं लागली नाहीत.

"बाई, तुमचा हात द्या."

मी चष्मा काढून पुसत होते. तिने माझा हात चाचपत धरला आणि मातीच्या गालावर नेऊन ठेवला. गाल गार होता. माझा अंगठा आपसूक वर सरकला आणि त्या खड्ड्यात बसला. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी कितीतरी वर्षांत कुणी मला असं जवळ घेतलं नव्हतं, हे मला तिथे कळलं आणि मी रडले. दोघांनीही मला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"शाळेतून ना?" मी म्हटलं. "कुणाला जोडताय?"

"कुणाला नाही," पलीकडून आवाज आला. "मी आहे."